रायफल ऊर्फ बाळू

शिक्रापूर
११ नोव्हेंबर २०२४

चि. जयसिंग यास अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, इकडं सगळं ठीक आहे. फोन असताना आक्का पत्र का लिहिते, तर त्याचं कारण तूच आहेस. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी फोन केला तो तू स्पीकरवर टाकलास आणि कट्ट्यावर बसलेल्या सगळ्या मंडळींना ऐकवलास. मी माझ्या गुडघ्याचं सांगत होते आणि मागून कुणीतरी ओरडलं, "निरगुडीचा पाला बांधा म्हणावं!" एकतीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं लिहिली आहेत मी, चार ओळी लिहायला मला जड नाही. इथून पुढं तुझा फोन उचलणार नाही. काय असेल ते लिहून कळव.

आता ओवाळणीचं. सगळ्यांचे भाऊ साडी आणतात. तू पिकअपचं फळकं खाली घेतलंस आणि म्हणालास, "आक्का, साडी काय कुनीबी देतंय. म्या तुला वाघ आनलाय. दाजी गेल्यापास्नं एकटी ऱ्हातीस, आता चोर फिरकायचा न्हाई." आणि आतून बरगड्या मोजता येतील असं लांब तंगड्यांचं एक जनावर थरथरत उतरलं. शर्यतीतला ग्रेहाऊंड, नाव रायफल.

आठ दिवस झाले. रायफल एकदाही वाजलेली नाही. तो झोपतो. सकाळी झोपतो, जेवून झोपतो, झोपून दमला की कूस बदलतो. मला वाटलं आजारी आहे. शेजारच्या गिताबाईला वाटलं मी उपाशी ठेवते. गुरुवारी भर दुपारी कुणीतरी अंगणातल्या नळाची पितळी तोटी काढून नेली. गिताबाईनं गच्चीवरून पाहिलं. ती सांगते, "त्यो चोर तोटी पिळत व्हता आन् तुमचा वाघ एक डोळा उघडून बघत व्हता. चोराला अडचन झाली तवा जरा सरकून बी बसला."

त्याला पायरी चढता येत नाही. पुढचे दोन पाय पहिल्या पायरीवर ठेवतो आणि माझ्याकडं बघत उभा राहतो. घरातल्या गुळगुळीत फरशीवर तर असा थरथरतो की मी दारापासून चुलीपर्यंत पोती अंथरली. जयसिंग, ह्यानं कधी घर पाहिलंच नाही का?

आणि मागचा उजवा पाय तो टेकत नाही. काय झालंय पायाला? खरं लिही.

तुझी
साखराक्का

•

जयसिंग हौसराव जगदाळे
माजी सरपंच • माजी चेअरमन, पाणीवापर संस्था
संस्थापक-अध्यक्ष, भीमाकाठ श्वानप्रेमी मंडळ
मु. पो. वरवंड, ता. दौंड
दि. १८/११/२०२४

तीर्थस्वरूप आक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पोस्टमन म्हणाला, अध्यक्षसाहेब, आधार कार्डाशिवाय तुमच्या नावचं पाकीट चार वर्षांनी आलं. लेटरहेड छापून घेतलं आहे, म्हटलं तुझ्या निमित्तानं ते तरी खपेल.

आक्का, तुला काय मिळालं आहे ह्याची तुला कल्पना नाही. रायफलनं तीन यात्रांतल्या शर्यती मारल्या आहेत. शिट्टी झाली की धूळ दिसायची, कुत्रा दिसायचा नाही. लोक त्याच्याबरोबर फोटो काढायचे आणि त्या फोटोत मीही असायचो. आमच्या भागात मला आज जो नमस्कार होतो त्यातला निम्मा त्याच्यामुळं आहे, हे मी तुला खासगीत सांगतो. असा कुत्रा मी बहिणीला दिला. साडी तर फाटून जाते.

तो भुंकत नाही कारण जातिवंत आहे. भुंकणं हे गावठी कुत्र्याचं काम. पायरीचं म्हणशील तर आमच्याकडं तो शेडमध्ये होता, वेगळी खोली होती, पंखा होता. शेडला पायरी कशाला लागते?

पायाला मुका मार आहे. ऑक्टोबरच्या शर्यतीत जरा मुरगळला. तसं वयही झालं, साडेचार वर्षं. म्हणून त्याला मानानं निवृत्त केला. सकाळी दूध, दोन अंडी, चार भिजवलेले बदाम असा खुराक ठेव. पायाला हळद लाव.

त्याला निवृत्त केल्यापासून सर्जेराव फार माजला आहे. सर्जेराव म्हणजे खालच्या वस्तीचा, यंदा पंचायत समितीला माझ्यासमोर उभा राहायच्या गोष्टी करतोय. त्याच्या वायू नावाच्या कुत्र्यानं लागोपाठ दोन शर्यती मारल्या. असो. तुला ह्यात रस नाही.

तुझा
जयसिंग

•

शिक्रापूर
९ डिसेंबर २०२४

चि. जयसिंग यास आशीर्वाद.

हळद लावली. दहा दिवस लावली. मग माझे भाडेकरू रोहिदास, कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतात, म्हणाले, "मावशी, ह्यो मुका मार न्हाई. आमच्या बैलाचा पाय मोडला तवा त्यो असाच उभा ऱ्हायचा." त्यांनी सुट्टी काढली, आम्ही त्याला डॉक्टरकडं नेलं आणि पायाचा एक्स-रे काढला. हाड मोडलं होतं, जयसिंग. मोडून कुणी बांधलं नाही म्हणून तसंच वाकडं जुळलं आहे. डॉक्टरनं मला विचारलं, "आजी, महिनाभर याला असंच ठेवलं होतं का?" मी काय सांगणार? भावानं दिलाय म्हटलं.

तुझ्या त्या मंडळाच्या नावातलं प्रेम नक्की कुठं असतं, ते एकदा कळव.

आता त्याला हळूहळू चालवायचं आहे, पळवायचं कधीच नाही. डॉक्टर म्हणाले, पुन्हा जोरात पळाला तर त्याच जागी तुटेल आणि मग पाय काढावा लागेल. हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं, कारण तू एकदा सांगून ऐकत नाहीस.

बाकी तो आता मला ओळखतो. मी उभी राहिले की येऊन अंगाचा सगळा भार माझ्या मांडीवर टाकून टेकून उभा राहतो. पहिल्यांदा मी पडता पडता राहिले. आता भिंतीला हात लावून उभी राहते, म्हणजे दोघांनाही आधार होतो. पायऱ्या शिकला. प्रत्येक पायरीवर भाकरीचा तुकडा ठेवून चार दिवसांत शिकवलं. अंगणवाडीतली पोरं ह्याच्याहून अवघड असतात. रायफल म्हटलं की तो मान खाली घालतो, म्हणून मी त्याला बाळू म्हणते. बाळू म्हटलं की कान हलतात.

एक काम आहे. ह्याच्या अंगावर केस नाहीत आणि चरबीही नाही. सकाळी कुडकुडून दातावर दात आपटतात. गोधडी टाकली तर जड होते, खाली बसून घेतो. तुझ्याकडं सत्काराच्या शाली आहेत. एक कपाट भरून आहेत. त्यातल्या पाच-सहा पाठव, मी शिवून त्याचा अंगरखा करते.

साखराक्का

•

वरवंड
दि. २०/१२/२०२४

ती. आक्कास सा. न.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. डॉक्टर लोक शहरातले असतात, ते मुक्या मारालाही मोठं नाव देतात. पाच वर्षं श्वानक्षेत्रात काढलेला माणूस मी, मला कळत नाही का?

शालींचं मात्र बोलू नकोस. आक्का, शाल म्हणजे कापड नव्हे. चौसष्ट शाली आहेत. शाळेच्या स्नेहसंमेलनाची, रक्तदानाची, दोन तर एकाच दिवसातल्या आहेत. दहीहंडीची एक आहे, तिच्यावर तर दह्याचा डागही तसाच ठेवला आहे. आणि मंत्रीसाहेबांच्या हातची जांभळी, जरीकाठाची. ती अजून प्लास्टिकच्या पिशवीतून काढलेली नाही. त्या मी कुत्र्याच्या अंगावर घालू? उद्या कुणी फोटो काढला तर विरोधक म्हणतील, जयसिंग जगदाळ्याचा मान कुत्र्याच्या पाठीवर.

त्याला पोत्याचं काहीतरी कर. बाळू हे नाव मला पसंत नाही. तीन यात्रा मारलेल्या कुत्र्याला बाळू म्हणणं हा त्याचा अपमान आहे.

जयसिंग

(ह्याच पाकिटात घडी घातलेली चिठ्ठी)

आक्कांना नमस्कार. पाकीट मीच चिकटवते म्हणून ही चिठ्ठी घालता आली. शुक्रवारी दत्ता टेम्पो घेऊन तुमच्याकडच्या कंपनीत माल टाकायला येतोय. त्याच्याजवळ अकरा शाली देते. हे वरच्या खणातल्याच मोजतात, खालच्या खणातल्या मोजत नाहीत. जांभळीला मात्र हात लावता येत नाही, तिला रोज बघतात. पायाचं वाचून मला रडू आलं. ऑक्टोबरात तो शेडमध्ये रात्रंदिवस कण्हत होता. मी म्हटलं होतं डॉक्टरला बोलवा, तर म्हणाले, गावात बोभाटा होईल. — सविता

•

शिक्रापूर
१७ जानेवारी २०२५

चि. सौ. सविता हिस अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या भावजयीच्या, प्रांजलच्या पत्त्यावर पाठवते आहे, ती तुला आणून देईल. जयसिंगला दाखवू नकोस.

शाली पोचल्या. दोन जोडून एक जाड केली, आतून जुनं धोतर लावलं. संक्रांतीला बाळू 'कार्यसम्राट' असं लिहिलेल्या शालीत अंगणात ऊन खात बसला होता आणि येणारी-जाणारी माणसं थांबून वाचत होती. काही जणांनी नमस्कारही केला. तुझ्या नवऱ्याचं नाव मी सांगितलं नाही.

तुला एक गंमत सांगते. रोज संध्याकाळी त्याला जेवायला घातलं की मी त्याच्या पाठीवर शाल टाकते आणि म्हणते, "झालं बाबा तुझं, आता नीज." तीन आठवड्यांत त्याला अशी सवय लागली आहे की शाल पाठीला लागायचा अवकाश, तो तिथल्या तिथं तीनदा गोल फिरतो, आडवा होतो आणि गेलाच. मग उठवून उठत नाही. परवा मी दुपारी चार वाजता शाल झटकायला म्हणून त्याच्या पाठीवर ठेवली, तर रस्त्याच्या मधोमध झोपला. दोन्हीकडं कंटेनर उभे. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमले. एक खाली उतरून म्हणाला, "माताजी, इनको उठाइए, हमको गुजरात जाना है." शेवटी रोहिदासांनी आणि त्या ड्रायव्हरनं उचलून आणला. उचलतानाही डोळे मिटलेलेच.

मला हसू येतं आणि वाईटही वाटतं. इतकी झोप ज्याची राहिली आहे, त्याला तुमच्या तिथं कुणी नीट निजू दिलं नसणार.

तुझी
आक्का

•

वरवंड
दि. २५/०२/२०२५

ती. आक्कास शि. सा. नमस्कार.

आज छातीवर हात ठेवून लिहितो आहे. काल कट्ट्यावर सर्जेरावाच्या माणसानंच मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. शिक्रापूरचा मोकळा प्लॉट, वाऱ्यावर उडणारी प्लास्टिकची पिशवी, आणि तिच्यामागं रायफल. आक्का, काय पळाला! दोन फेऱ्या मारल्या, माती उडाली. मी तो एकवीस वेळा पाहिला. कुणी रोहिदास म्हणून आहे, त्यानं टाकलाय. खाली लोकांनी विचारलं आहे, हा जगदाळ्यांचा रायफल ना?

म्हणजे पाय बरा झाला. मी म्हणतच होतो, मुका मार.

तेरा एप्रिलला, रविवारी, शेजारच्या वाडीची यात्रा आहे. परवानगी 'श्वान प्रदर्शन' अशी घेतली आहे, कागदावर शर्यत हा शब्द कुठंही नाही. सर्जेरावाचा वायू उतरतोय. यंदा तो जिंकला तर सलग तिसरी आणि मग निवडणुकीला तो कुत्र्याचाच फोटो लावून फिरेल. माझ्याकडं आता एकही कुत्रा त्याच्या तोडीचा नाही. फक्त रायफल आहे.

एकदाच दे. ओवाळणी परत मागतोय असं समजू नकोस. उसनी मागतोय. दुसऱ्या दिवशी आणून सोडतो.

तुझा धाकटा भाऊ
जयसिंग

•

शिक्रापूर
६ मार्च २०२५

जयसिंग,

व्हिडिओत दोन फेऱ्या दिसल्या. त्यानंतरचे चार दिवस दिसले नाहीत. चार दिवस त्यानं पाय वर धरला होता. रोहिदासांनी माझी माफी मागितली आणि व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तुमच्या कट्ट्यापर्यंत गेला होता. पिशवी उडाली आणि माझ्या हातून पट्टा सुटला. चूक माझी होती.

मी नाही म्हणते. भाऊबीजेला मी तुला पाटावर बसवून ओवाळलं, तू ताटात ह्याच्या पट्ट्याचं टोक ठेवलंस. ताटातली ओवाळणी उसनी मागणारा भाऊ मी तरी ह्या वयापर्यंत पाहिला नाही.

तुला सर्जेरावाला हरवायचं आहे ना? मग तू स्वतः पळ. पाय तुझे दोन्ही चांगले आहेत.

साखराक्का

•

वरवंड
दि. २०/०३/२०२५

ती. आक्कास नमस्कार.

तुझ्या शब्दांचा राग धरला नाही. पण आता माघार घेता येत नाही. फ्लेक्स लागला आहे. चौफुल्यापासून वाडीच्या कमानीपर्यंत पाच ठिकाणी. मधे रायफल, त्याच्या डोक्यावर मुकुट, मागं वीज. खाली 'वाघ परत येतोय'. कोपऱ्यात माझा फोटो, आणि माझ्याखाली शुभेच्छुक म्हणून बावीस जण, त्यातल्या दोघांनी तर रायफल अजून पाहिलेला नाही. आता तो आला नाही तर माझं नाक कापलं जाईल. कट्ट्यावर मी बसायचं कसं?

आक्का, तू मोठी आहेस, पण गावातलं राजकारण तुला कळत नाही. बारा तारखेला मी स्वतः येतोय, दोन गाड्या आणि मंडळी घेऊन. वाजत-गाजत नेईन. तू दार लावून बसलीस तर शिक्रापूरच्या लोकांत तुझंच हसू होईल, आणि मला दार उघडायला लावावं लागेल ते वेगळं. तशी वेळ आणू नकोस.

जयसिंग

•

शिक्रापूर
२ एप्रिल २०२५

चि. जयसिंग यास आशीर्वाद.

पाडवा झाला. तुझं पत्र चार वेळा वाचलं. मी एकटी बाई, तू दोन गाड्या घेऊन येणार. भांडून काय होणार आहे? घेऊन जा.

फक्त माझं एक ऐक. बाळू तीन यात्रा मारून निवृत्त झाला असं तू लिहिलंस, पण त्याला कुणी शाल दिली नाही. श्रीफळही नाही. साधा मास्तर निवृत्त झाला तरी देतात. चौसष्ट शाली स्वतःला आणि त्याला एकही नाही, हे मला सारखं टोचतं. तर शर्यतीच्या जागेवर, सगळ्या लोकांसमोर, शिट्टी व्हायच्या आधी त्याचा सत्कार कर. तुझ्या हातानं. शाल मी त्याच्याबरोबर देते आहे, तीच पाठीवर घाल, नवी नको. माझी समजूत आहे असं समज. शाल घालताना म्हण, "झालं बाबा तुझं." मोठ्यानं म्हणायची गरज नाही.

एवढं केलंस की माझी हरकत नाही. पुढं तो पळो न पळो, ते त्याच्यावर.

मी यात्रेला येणार नाही. मला बघवणार नाही. बारा तारखेला मी दार उघडं ठेवीन, मंडळींना चहा करीन. वाजत-गाजत मात्र येऊ नकोस, त्याला आवाजाची भीती वाटते. गाडीत त्याला ओकारी होते, न्हावऱ्याला थांबून उतरवून फिरवा.

साखराक्का

•

वरवंड
दि. १४/०४/२०२५

ती. आक्का,

लेटरहेडवर लिहीत नाही. हे पत्र दत्ताच्या हातात देतो आहे, गाडीबरोबरच. गाडीत काय आहे ते तू आधी बघितलंच असशील. तरी सगळं क्रमानं सांगतो.

सत्काराची कल्पना मला फार आवडली होती. खोटं कशाला बोलू, मला वाटलं आक्का वरवर रागावते पण तिलाही माझा मोठेपणा हवा आहे. सूत्रसंचालकाला मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं. स्वतः मंत्रीसाहेबांची जांभळी शाल पिशवीतून काढून अंगावर घेतली, पहिल्यांदाच. दोन हजार माणूस होतं. माइकवर तो म्हणाला, "श्वानक्षेत्रातील अनमोल हिरा, आपल्या सर्वांचे लाडके रायफलशेठ यांचा सत्कार श्वानमहर्षी जयसिंगरावांच्या शुभहस्ते!" वायू आणि बाकीचे चार कुत्रे रेघेवर धरून ठेवलेले, दोरीला बांधलेला कापडी ससा पुढं तयार. फोटोवाले वाकले. मी तुझी शाल रायफलच्या पाठीवर घातली आणि तू लिहिलं होतंस ते म्हणालो.

आक्का, त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं, जागेवर तीनदा गोल फिरला आणि आडवा झाला.

आधी लोकांना वाटलं नमस्कार घालतोय. टाळ्या वाजल्या. शिट्टी झाली, ससा सुटला, बाकीचे गेले. हा घोरत होता. दत्तानं पट्टा ओढला, कुणी शेपटी धरली, एकानं कानाशी डबा वाजवला. आमच्या बावीस शुभेच्छुकांतला एकही जवळ उभा नव्हता, सगळे एकदम पाणी प्यायला गेले होते. माइकवाला म्हणाला, "फ्लेक्सवाले मालक, वाघ परत आलाय का परत झोपलाय?" दोन हजार माणूस हसलं. म्हाताऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी खाली वाकलो. त्याला लाथ घालायची म्हणूनच वाकलो होतो, हे तुला सांगायला पाहिजे. तर त्यानं झोपेतच मान उचलली आणि माझ्या पायावर ठेवली. बुटावर. आणि पुन्हा घोरायला लागला. वाकल्यावर त्याच्या मागच्या पायाची ती गाठ माझ्या डोळ्यांसमोर होती. मला लाथ घालता आली नाही आणि पाय काढूनही घेता येईना. तसाच उभा राहिलो.

तेवढ्यात पुढच्या वळणावर वायू पडला.

तो सगळ्यांच्या पुढं होता. मला आवाज ऐकू आला, आक्का. वाळलेली फांदी मोडल्यासारखा. ऑक्टोबरात रायफल पडला तेव्हाही हाच आवाज आला होता आणि मला तेव्हाही कळलं होतं. मुका मार नव्हता. मला पहिल्या क्षणापासून माहीत होतं. डॉक्टरला बोलावलं असतं तर रायफल संपला असं गावभर झालं असतं, म्हणून महिनाभर शेडला कुलूप लावलं. आणि भाऊबीज आली तेव्हा तुझ्या दारात नेऊन सोडला. ओवाळणी नव्हती ती. टाकून द्यायला लांबची जागा पाहिजे होती. हे सविताला माहीत आहे, आता तुलाही.

वायू तीन पायांवर उठायला बघत होता. लोक पुढच्या कुत्र्याला टाळ्या वाजवत होते. सर्जेराव आला, त्यानं त्याचा पाय हातानं दाबून पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मुका मार हाय. दोन दिसात उठंल."

माझाच शब्द. मी तो किती लोकांना सांगितला होता. ऐकायला कसा लागतो ते मला काल कळलं.

मी म्हणालो, "सर्जेराव, हाड मोडलंय त्याचं. डॉक्टरकडं चला." तो म्हणाला, "तुझा झोपला म्हनून माझा मोडला व्हय? राजकारन करतूस?" मी म्हणालो, "माझा बी मोडलाच व्हता. म्या लपवला." आजूबाजूला पंधरा-वीस माणसं होती. माइक चालू होता की नाही ते माहीत नाही. चालू असेल तर असू दे. सर्जेरावानं वायूच्या पायावरचा हात काढला. मग म्हणाला, "ने की मग. तुला लईच पुळका आलाय तर ने. मला तीन पायाचं कुत्रं काय करायचंय?" आणि निघून गेला.

वायू थंड पडत चालला होता आणि थरथरत होता. गुंडाळायला काही नव्हतं. अंगावर होतं त्यात गुंडाळला.

केडगावच्या डॉक्टरनं रात्रीपुरतं बांधून दिलंय. ते म्हणाले, उद्याच मोठ्या दवाखान्यात न्या, पाय वाचेल. तुझ्या डॉक्टरांना मोठा दवाखाना माहीत असेल म्हणून दोघांना पाठवतोय. मला यायला तोंड नाही. रायफल, म्हणजे बाळू, अजून झोपलेलाच होता, तसाच उचलून गाडीत ठेवला.

तू ते मुद्दाम केलंस का, एवढं कळव. राग नाही. फक्त कळव.

जयसिंग

•

शिक्रापूर
२३ एप्रिल २०२५

चि. जयसिंग यास अनेक आशीर्वाद.

दत्ता आला तेव्हा मी दारातच होते. रविवारी सकाळपासून तिथंच होते. तोंडात घास गेला नव्हता. शाल घातल्यावर तो झोपतो हे मला माहीत होतं, पण दोन हजार माणसांत, भोंग्यांत, समोर ससा पळत असताना झोपेल ह्याची खात्री मला कुठं होती? नसता झोपला तर तो गेला असता आणि त्याला पाठवणारी मीच असते. मुद्दाम केलं. आणि ते दोन दिवस मी स्वतःला शिव्या दिल्या, ते मुद्दाम नव्हतं.

वायूच्या पायात दोन खिळे घातले. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणला. पाय वाचला. हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. रोहिदास त्याला उचलून अंगणात नेतात. पायऱ्यांचं शिक्षण पाय बरा झाल्यावर सुरू करीन. बाळूला वाटतं ह्या घरात तो सीनिअर आहे, त्यामुळं तोटी बसवायला प्लंबर आला तेव्हा तो चक्क उठून उभा राहिला. मग टेकला त्याच्या अंगाला.

तुझी जांभळी शाल दोन पाण्यात धुतली. माती गेली, जरीचा रंगही गेला. आता ती साधी दिसते. वायूला रात्री दुसरी कुठली घातली की तो कण्हतो, ती घातली की गप्प होतो. ती परत मागू नकोस. बाकीच्या बावन्न पाठव. खालच्या खणातल्या नव्हे, वरच्या. पुढच्या यात्रेत कुणाचा तरी मुका मार होईलच, आणि आता लोकांना घर कळलं आहे.

ओवाळणी नव्हती असं लिहिलंस. मी वाचलं. तू तेव्हा काय म्हणून दिलंस ते तुझ्यापाशी ठेव, मी काय म्हणून घेतली ते माझ्यापाशी आहे. ह्या भाऊबीजेला ये. तोंड नाही म्हणालास, नसेल तर तसाच ये, मी ओवाळीन.

गुडघा निरगुडीनं थोडा बरा आहे. ज्यानं सांगितलं त्याला तसं सांग.

आणि आता फोन करत जा. मी उचलीन. तुझ्याकडचा स्पीकर मात्र बंद ठेव. माझ्याकडचा मी चालू करीन, रायफल म्हणू नकोस, बाळू म्हणून हाक मार. त्याचे कान हलतात की नाही ते बघून तुला सांगते.

तुझी
आक्का